निकाल आधीच ठाऊक असलेला सामना

कॅन्सस विद्यापीठात पीएचडीला आले तेव्हा लॅबमधल्या अनिकेतदादाने पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी बजावल्या. थंडी सुरू व्हायच्या आत चांगले बूट घे, आणि बास्केटबॉलचा पहिला सामना बघायचा तर नोव्हेंबरमधला, कुठल्यातरी लिंबूटिंबू संघाविरुद्धचा बघ. दादा नागपूरचा. "मोठ्या म्याचले गेलीस तर तुले काहीच समजणार नाही," तो म्हणाला. "समोर ड्यूक नाहीतर केंटकीसारखी मोठी टीम असली का सारे येडे होऊन राहतात, अन् तू बी घड्याळच पाहत बसशील. लहान टीम आली का जाय. जिंकणार कोण हे माहीत असते, मंग बाकीचं सारं निवांत पाहता येते."

एकतर्फी सामन्यांची मला नवलाई नव्हती. फक्त ते मी दुसऱ्या टोकाकडून पाहिले होते. नाशिकला शाळेच्या संघात मी गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी, होते. आमचं मैदान सिमेंटचं, रिंगला जाळी नाही, आणि पीटीचे सर मूळचे कबड्डीचे. विभागाच्या पुढे गेलो आणि मुंबई-पुण्याच्या शाळा समोर आल्या की आमचं पानिपत ठरलेलं. त्यामुळे निकाल माहीत असताना मैदानात उतरणं काय असतं, हे मला पाठ होतं. निकाल माहीत असताना पैसे मोजून, रांगा लावून, घसा फोडून बघायला कोण जातं, एवढं मात्र बघायचं होतं.

लॉरेन्स हे लाखभर वस्तीचं गाव. कॅन्सस सिटीपासून गाडीने पाऊण तास. गावाचं सगळं वेळापत्रक नोव्हेंबर ते मार्च बास्केटबॉलच्या हिशेबाने चालतं, म्हणजे सामन्याच्या संध्याकाळी न्हाव्याची अपॉइंटमेंटसुद्धा सहज मिळते. याला कारण आहे. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला ज्या जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून हा खेळ शोधून काढला, तो 1898 मध्ये इथे नोकरीला आला आणि इथलाच होऊन गेला. त्याची कबरही याच गावात आहे. तो इथला पहिला कोच, आणि गंमत अशी की कॅन्ससच्या सगळ्या कोचांमध्ये जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेला तो एकटाच: 55 विजय, 60 पराभव. खेळ ज्याने शोधला त्यालाच तो जिंकता येत नव्हता, हे वाचल्यावर मला या गावाबद्दल आपुलकी वाटायला लागली. 1899 मध्ये विद्यापीठाचा पहिला सामना झाला तोही हे लोक कॅन्सस सिटीच्या वायएमसीएकडून 16-5 असा हरले होते.

त्याने टाइप केलेले मूळचे 13 नियम, कागदाची दोन पानं, स्टेडियमला लागून असलेल्या डीब्रूस सेंटरमध्ये ठेवली आहेत. 2010 मध्ये लिलावात डेव्हिड बूथ नावाच्या, याच गावात वाढलेल्या माजी विद्यार्थ्याने ती 43 लाख डॉलरना घेतली. मी तिथे पहिल्यांदा गेले ती कॉफी प्यायला, आणि कप हातात धरून ती पानं वाचत उभी राहिले. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. खांद्याने ढकलायचं नाही. पंचांचं म्हणणं ऐकायचं. आमच्या सरांनी फळ्यावर लिहिले असते तर याहून वेगळे लिहिले नसते.

आता तिकिटाचं. विद्यार्थ्यांचा मोसमाचा पास असतो, पण पास असला म्हणजे आत सोडतात इतकंच. कुठे बसायचं, ते 'कॅम्पिंग'वर ठरतं. नाव ऐकून मी तंबू वगैरे डोळ्यांसमोर आणला होता. तसं काही नाही. विद्यार्थी गट करून नाव नोंदवतात, कुणाचा गट कितवा हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि मग सामन्याच्या दिवसापर्यंत सकाळपासून रात्रीपर्यंत गटातल्या कुणीतरी एकाने स्टेडियमच्या आतल्या व्हरांड्यात बसून राहायचं. मधूनच हजेरी होते. हजेरीला गटाचं कुणी नसलं की नाव काटलं, पुन्हा यादीच्या तळाशी. गटांना नावं ठेवायची असतात आणि ती जितकी वाह्यात तितकी चांगली. आमच्या गटात औषधनिर्माण आणि रसायनशास्त्राची मुलं, एक हैदराबादची, दोघं नेपाळचे, बाकी इथलेच. पाळ्या लावायचं काम दादाकडे. लॅबमधल्या उपकरणांच्या पाळ्याही तोच लावतो, त्यामुळे कुणी वाद घालत नाही.

माझी पाळी दुपारची होती. अ‍ॅलन फील्डहाउसच्या त्या व्हरांड्यात जमिनीवर पाय पसरून, पाठीमागे विटांची भिंत, मांडीवर लॅपटॉप. समोर काचेच्या कपाटांत जुने चषक आणि पिवळे पडलेले फोटो. शेजारच्या गटातला मुलगा फ्लॅशकार्डवर हाडांची नावं पाठ करत होता. पलीकडे एक मुलगी चक्क झोपली होती आणि तिच्या पोटावर कागद ठेवलेला: हजेरीला उठवा. मधूनच आतल्या लाकडी कोर्टवरून बुटांची चीं-चीं ऐकू यायची, सराव चालू असावा. हजेरी घेणारा मुलगा वही घेऊन आला, वाह्यात नावं निर्विकारपणे वाचत गेला, आणि प्रत्येक नावाला कुठून तरी एक हात वर झाला. आमचं नाव वाचलं तेव्हा मी शाळेतल्यासारखं "हजर" म्हणून मोकळी झाले. तो पुढे गेला.

मोठ्या सामन्यासाठी हे व्हरांडे माणसांनी भरून जातात. या सामन्यासाठी मोजकेच गट होते. दादाचं गणित हेच होतं: नवख्या माणसाला पुढच्या रांगा मिळायच्या तर त्या अशाच दिवशी मिळणार. आम्हाला बास्केटच्या मागे, पाचव्या-सहाव्या ओळीत जागा मिळाली.

ही इमारत 1 मार्च 1955 रोजी कॅन्सस स्टेटविरुद्धच्या सामन्याने उघडली. बाहेरून एखाद्या जुन्या गिरणीसारखी दिसते, आत पंधरा-सोळा हजार माणसं मावतात आणि बसायला बहुतेक ठिकाणी लाकडी बाकं. वर छताजवळ विजेतेपदांचे झेंडे, त्यांत राष्ट्रीय विजेतेपदाचे 1952, 1988, 2008 आणि 2022. इथे शिकलेल्या विल्ट चेंबरलेन या दिग्गज खेळाडूची जर्सीही टांगलेली आहे. त्याने 1956 च्या डिसेंबरात इथे पहिलाच अधिकृत सामना खेळताना 52 गुण आणि 31 रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेले चेंडू, घेतले होते. आणि एका टोकाला तो मोठा फलक: आत येणाऱ्यांनो सांभाळा, इथे 'फॉग' आहे. फॉग म्हणजे जुने कोच फॉग अ‍ॅलन, ज्यांचं नाव इमारतीला दिलंय. मूळ फलक 1988 मध्ये ड्यूकविरुद्धच्या सामन्यासाठी वसतिगृहातल्या पोरांनी न्हाणीघरातले पडदे जोडून रंगवला होता. तो सामना कॅन्सस हरला. त्याच मोसमात राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला हरवलं आणि विजेतेपदही घेतलं, म्हणून फलक टिकला. नाहीतर पडद्यांचं काय झालं असतं ते आपल्याला कळतं.

सामन्याआधीचं जे काही असतं ते बघायला खरंच निकालाची काळजी नसलेली बरी. आधी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून विद्यापीठाचं गीत म्हणतात आणि डावी-उजवीकडे डोलतात. माझ्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला पूर्ण अनोळखी, सहा फुटांहून उंच पोरगा. त्याचा हात माझ्या खांद्यावर पोचण्यासाठी त्याला वाकावं लागत होतं. गीत संपलं की त्याच सुरात, अगदी संथ, "रॉक चॉक, जेहॉक, केयू". जेहॉक म्हणजे इथला संघ, केयू म्हणजे विद्यापीठ. ही आरोळी 1886 मध्ये इथल्या रसायनशास्त्राच्या बेली नावाच्या प्राध्यापकाने बांधली. आमच्याच विषयातला माणूस. दादा हे नव्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, जणू बेली त्याचा गाईड होता.

मग पाहुण्या संघातल्या खेळाडूंची नावं पुकारली जातात, आणि विद्यार्थ्यांचा अख्खा भाग वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतो. बघतच नाही. हजारो पोरं पेपर वाचल्याचं सोंग करत उभी. मग घरच्या संघाची नावं सुरू झाली की त्याच पेपरच्या चिंध्या करून वर उडवायच्या. मी माझा पेपर फाडला, उडवला, त्यातले अर्धे तुकडे माझ्याच केसांत. सामना संपेपर्यंत ते निघाले नाहीत. वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग मला आवडलं नाही, हे सांगून टाकते. म्हणजे गंमत कळते. पण ज्या पोराचं नाव पुकारलं जात होतं, तो दहा तासांचा प्रवास करून आला असेल, आणि त्याला समोर दिसतंय काय, तर कागद.

समोरचा संघ दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या छोट्या विद्यापीठाचा. अशा सामन्यांमागचा व्यवहार मला आधी माहीत नव्हता. मोठं विद्यापीठ लहान विद्यापीठाला घरी बोलावतं आणि त्यासाठी पैसे मोजतं, ऐंशी-नव्वद हजार डॉलर, कधी लाखभर. परतीचा सामना नसतो. घरच्या संघाला प्रेक्षक, तिकिटं आणि विजय मिळतो. पाहुण्यांना त्यांच्या क्रीडा खात्याचा वर्षाचा खर्च भागवायला रक्कम मिळते. काही लहान संघ नोव्हेंबर-डिसेंबरचा बराच काळ असेच गावोगाव फिरून हरत असतात, आणि त्या पैशातून त्यांच्याकडचे बाकीचे खेळ चालतात. सौदा दोन्हीकडे उघड असतो, लपवाछपवी नसते. आणि कधीमधी तो अंगलटही येतो. 2019 च्या नोव्हेंबरात केंटकीचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्यांनी 90 हजार डॉलर देऊन बोलावलेल्या इव्हान्सव्हिलने त्यांना त्यांच्याच घरात 67-64 असं हरवलं. दोन आठवडे होत नाहीत तोच स्टीफन एफ. ऑस्टिनने ड्यूकला ड्यूकच्या मैदानावर जादा वेळेत हरवलं. पैसे घेऊन वर विजयही घेऊन गेले. सगळे लहान संघ ही दोन नावं मनात धरूनच बसमध्ये चढत असणार.

आमच्या सामन्यातही पहिली तीन-चार मिनिटं पाहुणे पुढे होते. त्यांचा एक बुटका गार्ड होता, माझ्याहून फार तर वीतभर उंच, पण काय चालाख. दोन उंच खेळाडूंच्या मधून घुसून त्याने डाव्या हाताने ले-अप, म्हणजे रिंगजवळून अलगद टाकायचा शॉट, मारला, तेव्हा त्यांच्या बाकामागे बसलेली पंधरा-वीस माणसं एकदम उठली. घरची मंडळी असावीत. एका बाईने दोन्ही हात वर करून पर्ससकट उडी मारली. आमच्या बाजूला कुणी फारसं चिडलंही नाही. दादा शेंगदाणे सोलत म्हणाला, "थांब, सोळाचा टाइमआउट होऊ दे."

कॉलेज बास्केटबॉलमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असतात, आणि प्रत्येक भागात घड्याळ 16, 12, 8 आणि 4 मिनिटांच्या खाली गेलं की पुढच्या थांब्याला टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो. दादा सामना या थांब्यांवर मोजतो. सोळाच्या थांब्यानंतर घरच्या कोचने समोरच्यांना अख्ख्या कोर्टवर अडवून दाबायला सांगितलं असावं, कारण पाहुण्यांना चेंडू मध्यरेषेपलीकडे आणताच येईना. फरक पडतो तो उंचीने पडतो असं मी समजत होते. तसा नाही पडत. पडतो तो सातव्या-आठव्या खेळाडूने. पाहुण्यांचे पहिले पाच दमले की बाकावरून येणारा पोरगा एक पायरी खालचा असतो. इथे बाकावरून येणारा पोरगा दुसऱ्या कुठल्याही संघात पहिल्या पाचात असता. बारा ते आठ या मिनिटांत पाहुण्यांनी चेंडू चार-पाच वेळा गमावला, प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला डंक, म्हणजे उडी मारून थेट रिंगमध्ये कोंबलेला चेंडू. मध्यंतराला फरक पंचविशीच्या आसपास होता आणि सामना सामना म्हणून संपलेला होता.

तिथून पुढची वीस मिनिटं मला जास्त आठवतात.

क्रिकेटमध्ये कप्तान डाव घोषित करू शकतो. रात्री फोनवर बाबांना फरक सांगितला तर ते पहिलं हेच म्हणाले: "अगं, मग डाव घोषित करायचा ना!" इथे ती सोय नाही. चाळीस मिनिटं भरायलाच लागतात, आणि दर तीस सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकायलाच लागतो. म्हणजे पुढे असलेल्या संघाला इच्छा असली तरी खेळणं थांबवता येत नाही. मग करायचं काय, यावर कोच लोकांची आपापली मतं असतात. त्यात आणखी हिशेबाची भानगड. 2018-19 च्या मोसमापासून एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशातली संघटना, संघांच्या क्रमवारीसाठी 'नेट' नावाचं सूत्र वापरते. सुरुवातीला त्यात विजयाचा फरक दहा गुणांपर्यंतच धरायचे, म्हणजे चाळीसने जिंका की दहाने, सारखंच. दोन वर्षांनी सूत्र सुटसुटीत केलं, ती मर्यादा गेली, आणि आता प्रत्येक चढाईमागे किती गुण केले आणि किती दिले यावर बरंच अवलंबून असतं. मार्चच्या 68 संघांच्या स्पर्धेत कोणाला कुठली जागा, हे ठरवणाऱ्यांच्या समोर हे आकडे असतात. घरच्या मैदानावर दीडशेच्या खालच्या क्रमांकाचा संघ हरवला तर विजयाचं मोल जवळपास शून्य. पण तोच पंधरा गुणांनीच हरवला तर भुवया उंचावतात. कोचने मुख्य पाच जणांना बाहेर कधी बसवायचं, हा दयेचा प्रश्न वाटतो तितका दयेचा नाही.

या इमारतीतली सगळ्यात गाजलेली धुलाई 9 डिसेंबर 1989 ची. कॅन्सस 150, केंटकी 95. मध्यंतराला 80-61. आकडे वाचूनच दम लागतो. कॅन्ससचे कोच रॉय विल्यम्स होते, त्यांचा इथला दुसराच मोसम. पलीकडे रिक पिटिनो, केंटकीतलं पहिलं वर्ष, हातात निर्बंधांमुळे मोडकळीला आलेला संघ, आणि तरी पूर्ण कोर्ट दाबायचं आणि लांबून थ्री, म्हणजे तीन गुणांचे शॉट, मारायचं सोडायला तयार नाहीत. वेग त्यांनीच वाढवला, फटका त्यांनाच बसला. मध्यंतरात खाद्यपदार्थांच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला हे सगळं सांगितलं. ते तेव्हा इथे होते म्हणे. मी विचारलं, मजा आली का? ते म्हणाले, शंभरपर्यंत आली. नंतर आम्ही गुणफलकाकडेच बघत होतो, खेळाकडे नाही. पॉपकॉर्न घेतलं आणि गेले.

याउलट, या इमारतीतला आवाजाचा विक्रम, 130.4 डेसिबल, झाला तो 2017 च्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध. ज्या सामन्यात शेवटची तीन मिनिटं उरली असताना कॅन्सस 14 गुणांनी मागे होता आणि जादा वेळेत जिंकला, त्या दिवशी. चाळीसने जिंकताना कुणी इतकं ओरडत नाही. आमच्या सामन्यात उत्तरार्धात इतकी शांतता होती की पाहुण्यांचा कोच खेळाडूंना काय सांगतोय ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तो शिव्या देत नव्हता. "पुढची चढाई, फक्त पुढची," इतकंच पुन्हापुन्हा. आमचे कबड्डीचे सर अशा वेळी बाकावर डोकं धरून बसायचे. हा माणूस पस्तीस गुण मागे असताना गुडघ्यावर बसून पाटीवर रेघा मारत होता.

आणि तो बुटका गार्ड. त्याला आता दोघे मिळून अडवत होते. त्याचा एक शॉट सरळ प्रेक्षकांत फटकावला गेला, आमचा भाग उसळला, आणि तो उठून, शॉर्ट झटकून, पुढच्याच चढाईला पुन्हा त्याच गर्दीत घुसला. या वेळी फाउल मिळाला. फ्री थ्रोला तो आमच्या समोर उभा, पाचव्या ओळीतून त्याच्या मनगटावर पेनाने काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. अक्षरं दिसली नाहीत. आमच्या भोवतीची पोरं त्याचं लक्ष उडवायला हात हलवत, किंचाळत होती. मीही हात वर केले होते, बाकीच्यांच्या बरोबर. पण आवाज काही निघेना. दोन्ही थ्रो आत गेले. मला बरं वाटलं आणि मी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही, कारण अंगात निळा शर्ट होता.

शेवटच्या आठ मिनिटांत लोक उठायला लागले. वरच्या बाकांवर भोकं पडली. गाड्यांची गर्दी टाळायची असते. मला ही माणसं कळत नाहीत. याच वेळी तर बाकाच्या टोकाची पोरं आत येतात, ज्यांना शिष्यवृत्तीही नसते, सरावाला मात्र रोज असतात, आणि ज्यांचं काम आठवडाभर समोरच्या संघाची नक्कल करून पहिल्या पाच जणांना तयार करणं. वॉक-ऑन म्हणतात त्यांना. विद्यार्थ्यांचा भाग पंधरा मिनिटांपासून त्यांच्यातल्या एकाच्या नावाचा घोष करत होता. कोचने शेवटी बोट केलं, पोराने अंगातला सरावाचा शर्ट इतक्या घाईने काढला की तो डोक्यात अडकला. शेजारच्याने ओढून काढला. अख्खं स्टेडियम हसलं, तोही हसला. त्याच्या हातात चेंडू आला की "मार!" असा एकच कल्लोळ, मग तो कोर्टच्या कुठल्याही कोपऱ्यात असो. त्याने पहिला मारला तो रिंगला लागलाच नाही. दुसरा, कोपऱ्यातून, थ्री, सर्रकन आत. बाकावरचे पहिले पाच, ज्यांतले एकदोघे पुढे एनबीएत जातील असे, टॉवेल फिरवत नाचायला लागले. माझ्या बाजूच्या उंच पोराने मला उचललं. खरंच उचललं, आणि मग लाजून खाली ठेवलं.

2025 पासून संघात जास्तीत जास्त 15 जण अशी मर्यादा आली आहे आणि सगळ्यांनाच शिष्यवृत्ती देता येते. अशी पोरं त्यामुळे किती ठिकाणी उरतील कोण जाणे. मला वाटतं कमी होतील, आणि नोव्हेंबरातल्या या सामन्यांची निम्मी चव त्यांच्याबरोबर जाईल.

"रॉक चॉक" सुरू झाला तो अजून दोनेक मिनिटं बाकी असताना. विजय पक्का झाल्याशिवाय तो म्हणत नाहीत असा रिवाज. या सामन्यात तो मध्यंतरालाही म्हणता आला असता, पण लोक थांबले होते. आधी संथ, चर्चमध्ये म्हणावं तसा. मग वेगात. शेवटचा भोंगा झाल्यावर सगळ्यांनी हात वर करून डावी-उजवीकडे डोलवले, याला गहू हलवणं म्हणतात. कॅन्सस गव्हाचं राज्य, आणि खरोखरच वाऱ्यावरच्या शेतासारखं दिसतं ते. गुणफलकावर चाळीसहून थोडा जास्त फरक होता. शेवटची चढाई वॉक-ऑन पोरांनी मारली नाही, चेंडू हातात धरून घड्याळ संपवलं. शंभर पूर्ण व्हावेत म्हणून मागून कुणीतरी ओरडलं, तेव्हा दादाने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. लॅबमध्ये कुणी धुतलेली काचेची भांडी परत जागेवर ठेवली नाहीत की तो बघतो, तसं.

बाहेर पडताना आमचा वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. दादाचं म्हणणं, मुख्य पाच जणांना उत्तरार्धाच्या बाराच्या थांब्यालाच बाहेर काढायला पाहिजे होतं. आठपर्यंत ठेवायचं काहून? तीस गुणांनी पुढे असताना दाबायचं काहून? माझं उलट. मी अशा सामन्यांत मार खाल्लेला आहे. पुण्याच्या एका शाळेच्या संघाने एकदा आमच्याविरुद्ध मध्यंतरानंतर सातवीच्या मुली उतरवल्या आणि त्यांना सांगून ठेवलं की बास्केट करायची नाही, नुसते पास द्या. त्या पास देत राहिल्या. आम्ही मागे पळत राहिलो. फरक वाढला नाही, आणि तो दिवस आमच्यातल्या एकीलाही विसरता आलेला नाही. त्यापेक्षा त्यांच्या चांगल्या पाच जणींनी आणखी तीस गुण ठोकले असते तर चाललं असतं. त्या बुटक्या गार्डला दोघांनी मिळून अडवलं, याचा अर्थ त्याला अडवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं. घरी जाऊन सांगायला ते पुष्कळ आहे.

"तू शाळेतलं सांगून राहिली," दादा म्हणाला. "ते लेकरं होते. हे पैसे घेऊन आले."

"मग तर अजूनच खेळायला पाहिजे ना त्यांच्याशी."

दादाला ते पटलं नाही. पुढच्या सामन्याच्या पाळ्या त्याने त्याच रात्री गटावर टाकल्या आणि मला सकाळी साडेसहाची पाळी दिली. हा वादाचा सूड आहे का, असं मी विचारलं, तर उत्तरादाखल नुसता अंगठा आला.